सहावा वाटा

१

आमच्या घिवलीच्या घरात मासळीचे वाटे पाडायची एक पद्धत आहे. विकायची मासळी टेम्पोत चढून गेली, की कालवणापुरती उरते ती अंगणात निळ्या ताडपत्रीवर ओततात. बोटीवर जितकी माणसं, तितके ढीग. मग घरातलं एक जाणतं माणूस भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. दुसरं एकेका ढिगाला हात लावून विचारतं, "ह्यो कोनाचा?" पाठमोऱ्यानं न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघेल त्यानं तो ढीग उचलायचा. कुणाच्या वाट्याला पापलेट येईल, कुणाच्या नुसता जवळा, पण तक्रार करायची नाही. आणि विचारणं संपेपर्यंत पाठमोऱ्यानं वळायचं नाही.

आमच्याकडे भिंतीशी उभ्या राहतात सासूबाई, नर्मदाबाई. सत्तरी कधीच ओलांडली, पण आवाज अजून खणखणीत. मी प्रियदर्शिनी, त्यांची सून. माझं माहेर नांदेडकडचं. वडील नागोराव इथल्या अणुवीज प्रकल्पात नोकरीला, म्हणून मी कॉलनीत वाढले, बोईसरच्या एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये लागले आणि घिवलीच्या कमलेशशी लग्न करून मोकळी झाले. नवऱ्याला नावानं हाक मारते म्हणून सासूबाईंनी वर्षभर तोंड वाकडं केलं होतं. मीही काही कमी नाही. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी म्हटलं होतं, "त्यापेक्षा वजनकाटा आणा की."

"काटा आनल्यावर भांडनं होतील ती तू मिटवशील काय?" सासूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या होत्या.

बोट कमलेशची आणि त्याच्या चुलतभावाची, हितेशची. बुधा आणि झिपरू हे दोघं खलाशी, डोंगराकडच्या पाड्यावरचे. म्हणजे माणसं चार. वाटे मात्र पाच पडत. पाचवा हरेश्वरचा.

हरेश्वर म्हणजे माझ्या सासऱ्यांचा मोठा भाऊ. अठराव्या वर्षी नौदलात गेला, जहाजाच्या बॉयलरखान्यात कामाला लागला. त्याचा पांढऱ्या गणवेशातला फोटो पडवीत आहे. गालावर अजून लव, आणि टोपी जरा मोठीच. एकाहत्तरच्या डिसेंबरात, युद्ध पेटलेलं असताना, शत्रूच्या पाणबुडीनं ते जहाज बुडवलं. हरेश्वर वीस वर्षांचा होता. वाचलेल्यांपैकी एक पोरगा पुढे घरी येऊन सांगून गेला, की हरेश्वरची पाळी तेव्हा संपली होती, वर येऊन तो जेवलासुद्धा होता. पण पुढची पाळी या पोराची, आणि हा तापानं फणफणलेला. म्हणून हरेश्वर त्याच्या बदली परत खाली उतरला. हे सांगताना तो पोरगा आमच्या पडवीत डोकं आपटून रडला म्हणे.

देह मिळाला नाही. त्याच्या आईनं क्रियाकर्म करू दिलं नाही आणि वाटाही बंद होऊ दिला नाही. तिच्यानंतर सासूबाईंनी तेच चालू ठेवलं. हरेश्वरचा ढीग संध्याकाळी खाडीत सोडून यायचं. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगते, चांगली मासळी फुकट जाते म्हणून रागही यायचा.

माझा एकुलता एक मुलगा भाग्येश शाळेच्या सुट्टीत बोटीवर जायचा, तेव्हा वाटे सहा पडत आणि शेवटचं नाव त्याचं असे. दोन वर्षांमागे तो अग्निवीर म्हणून नौदलात गेला, तोही इंजिनच्या कामाला. मी आठवडाभर जेवले नव्हते. सासूबाईंनी विचारलं, "पोराचा वाटा ठेवायचा ना?" मी ताडकन म्हटलं, "अजिबात नाही. माझा मुलगा नोकरीला गेलाय. त्याच्या नावानं मासळी खाडीत टाकायची नाही."

२

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सीमेवर पेटलं होतं. टीव्हीवरचे लोक किंचाळत होते, आणि भाग्येशचं जहाज पश्चिमेला कुठेतरी होतं, यापलीकडे आम्हाला काही कळत नव्हतं. घरात जो तो त्याचंच नाव घेत होता.

रविवार होता, सकाळचं लख्ख ऊन. ताडपत्रीवर पाच ढीग. बोंबील, मांदेली, थोडी कोळंबी. सासूबाई भिंतीशी उभ्या. कमलेशनं एकेका ढिगाला हात लावला, त्यांनी एकेक नाव घेतलं. झिपरू, कमलेश, हरेश्वर, बुधा, हितेश. संपलं. पाचही ढीग उचलले गेले आणि कमलेश नळाखाली हात धुवायला गेला. सासूबाई अजून भिंतीकडेच तोंड करून होत्या. मी दारात तांदूळ निवडत होते, सगळं माझ्या समोर होतं.

"ह्यो कोनाचा?"

"भाग्येशचा," सासूबाई म्हणाल्या.

पाच नावांनंतर सहावं नाव. इतक्या वर्षांची जीभ, ती आपोआप वळली.

कमलेशनं नळ बंद केला. "आये, कोनाला सांगतेस?"

"तूच इचारलंस ना?"

"मी हात धुतोय. झाले ना पाच."

सासूबाई वळल्या. बुधाकडे बघितलं. त्याचं टोपलं भरून झालं होतं आणि तो बिडी शोधत होता. त्यानं नाही म्हणून मान हलवली. झिपरू आणि हितेश आपापले वाटे घेऊन फाटकाबाहेर गेले होते. कमलेशला आणि बुधाला प्रश्न ऐकूच आला नव्हता. मला आला होता. पुरुषाचा आवाज, तरुण, घसा बसलेला. नळाकडून आला नव्हता. ताडपत्रीच्या जवळून, खालून आला होता, माणूस ढिगाशी उकिडवं बसून विचारतो ना, तिथून.

मी लॅबमधली बाई. पहिली गोष्ट मनात आली ती हीच, की शेजारून आवाज आला असेल. उठून ताडपत्रीशी गेले. पाच ढीग उचलल्याच्या पाच खुणा होत्या, खवले, पाणी. त्यांच्या ओळीतच सहाव्या जागी आणखी एक ओला डाग होता. काळा. बोट लावलं तर चिकट, आणि वास असा की डोक्यात गेला. बोटीच्या डिझेलचे डाग मी रोज धुते, त्याचा वास मला झोपेतही कळेल. हे ते नव्हतं.

सोमवारी कापसावर थोडं घेऊन लॅबमध्ये गेले. माझ्यासोबत काम करणारी हेतल, तिचे वडील पूर्वी गिरणीत बॉयलरवर होते. तिनं हुंगलं आणि नाक मुरडलं. "शी! हे बॉयलरचं काळं तेल गं. जुनं. बाबांच्या कपड्यांना यायचा वास. तुझ्या घरी कुठून आलं?"

"बोटीला कुठेतरी लागलं असेल," मी म्हटलं आणि कापूस टाकून दिला. मग तीनदा हात धुतले.

३

त्याच आठवड्यात भाग्येशचा फोन आला. जहाजावर सगळ्यांचे फोन लवकरच जमा करून घेणार होते, त्याआधीच्या घाईत त्यानं लावला होता. 

"आई, रडू नको हं. मस्त आहे मी. जेवण तुझ्यापेक्षा बरं आहे."

"मेल्या, येऊन दाखव मग सांगते."

तो हसला. मग म्हणाला, "अगं, इथे आपल्याकडचा एक भेटला. आजीसारखंच बोलतो, हाय-नाय करत. घर पण ओळखतो आपलं."

"कोण रे?"

"नाव नाही विचारलं. खाली मशिनरीत असतो, पाळी बदलताना भेटतो. बारीक आहे, माझ्याच वयाचा. कायम तेलानं माखलेला असतो. म्हणतो, खूप दिवस झाले, मला बदली मिळत नाय. मी म्हटलं, साहेबांना सांग. तर हसला."

मी फोन दोन्ही हातांनी धरला. "भाग्येश, त्याच्याशी बोलू नको."

"का गं? चांगला आहे. परवा म्हणाला, आजीनं तुझं नाव घेतलं, आता तू माझी पाळी घेशील ना? मला वाटलं तुमच्याशी काही ओळख असेल, फोनबिन झाला असेल. मी म्हटलं, घेईन की, त्यात काय!"

"नाही म्हण! ऐकतोस का? नाही म्हणून सांग त्याला!"

पण फोन कट झाला होता. मी परत परत लावत राहिले. तो बंदच.

कमलेशनं गावात विचारलं, किनाऱ्यावरच्या गावांत पार मुरब्यापर्यंत फोन केले. त्या जहाजावर इकडचा दुसरा कुणी नव्हता. तो माझ्याशी नजर न मिळवता म्हणाला, "पोरं मस्करी करतात गं. कोनीतरी आपली बोली शिकला असेल." मी हो म्हटलं. मला तेच हवं होतं. पण रात्रभर दोघंही छताकडे बघत पडलो होतो, आणि आमचं पोरगं कुठल्या तरी जिन्यानं खाली उतरतंय हे मला डोळे मिटले की दिसत होतं.

४

सकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या चुलीपुढे होत्या, तिथेच खाली बसल्या. इतका पांढरा पडलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"मी पोराला हरेश्वरच्या हातात दिला," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडानं दिला."

"आई, तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"नाव घेतलं ते घेतलं. परत घेता येत नाय." त्यांनी माझा हात गच्च धरला. "वाटे मोडून परत मांडले तरच. तेपन शिजवायच्या आधी. आमी तर त्या दिशी खाऊन बसलो."

"मग पुढच्या मासळीला परत मांडू."

"आनि त्यानं परत इचारलं तर?"

"तर सांगायचं, कुणाचाच नाही."

"असं चालत नाय, बाय. इचारल्यावर नाव द्यावंच लागतं."

आता हे असलं बोलणं ऐकून मी एरवी फटकन काहीतरी बोलले असते. पण माझा मुलगा समुद्रात होता. देव, दानव, वाटा, जे काय असेल त्याच्याशी मी बोलणी करायला तयार होते. मी विचार करून म्हटलं, "यावेळी ढीग चारच मांडू. जिवंत माणसांचे. हरेश्वरकाकांचा मांडायचाच नाही. मग पाचवा ते स्वतः विचारतील, आणि आपण त्यांचंच नाव द्यायचं. त्यांचं त्यांना."

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "म्हंजे तो गेला, असं म्हनायचं?"

"हो. गेलेच आहेत ते, आई. चोपन्न वर्षं होत आली. सोडा आता त्यांना."

त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि रडल्या. मग म्हणाल्या, "पन मी भिंतीकडं नाय उभी राहनार. त्या दिवसापासून नुसतं भिंतीला तोंड केलं ना, तरी मानेवर कोनीतरी श्वास सोडतं. गार. तू राहा."

दोन दिवसांनी दुपारच्या भरतीला बोट आली. बुधा फाटकातूनच परत फिरला. "माझा वाटा ठेवा नाय तर नका ठेवू, ताई. मी आत येनार नाय. मघाशी तुमच्या पडवीत कोन उभा होता?"

"कुणी नव्हतं."

"तेच म्हनतोय मी," बुधा म्हणाला आणि चालू पडला. हितेश आणि झिपरूही बोटीशीच थांबले.

५

त्याच दिवशी सगळीकडे हवाई हल्ल्याचा सराव होता. भोंगा वाजला की दारं-खिडक्या लावून आत बसायचं, असं सांगून गेले होते. म्हणून आम्ही ताडपत्री पडवीत आणली. कमलेशनं खिडक्यांवर चादरी टाकल्या. बाहेर दुपारचं ऊन होतं, आत मात्र माणसाचा नुसता आकार दिसेल एवढाच उजेड राहिला. त्यानं चार ढीग मांडले. सासूबाई कोपऱ्यात बसल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

प्रकल्पाच्या बाजूनं भोंगा सुरू झाला. वर चढत गेला, खाली आला, परत चढला. भिंतीच्या चुन्याचा वास नाकात जात होता. 

"ह्यो कोनाचा?" कमलेश.

"झिपरूचा."

"ह्यो?"

"हितेशचा."

"ह्यो कोनाचा?"

"बुधाचा."

"आनि ह्यो?"

"तुझा. कमलेशचा."

कमलेश उठल्याचा, दोन पावलं मागे गेल्याचा आवाज आला. ठरलं तसं. भोंगा उतरत उतरत थांबला. आता घड्याळ आणि सासूबाईंचा घरघरणारा श्वास, एवढंच ऐकू येत होतं. मी मनात म्हणत होते, नाही येणार, काही नाही येणार, मूर्खपणा आहे सगळा, संध्याकाळी यावर आपणच हसू.

मग तो वास आला. काळ्या तेलाचा, जळका, गरम. आणि ताडपत्री चुरचुरली, कुणीतरी तिच्यावर गुडघा टेकला तशी.

"ह्यो कोनाचा?" घसा बसलेला तो आवाज.

मी पाठ केलेलं होतं, म्हणून तोंडातून निघालं. "हरेश्वरचा. हरेश्वर, तुमचा वाटा तुम्ही घ्या आणि जा. आमचा नमस्कार घ्या."

काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातून सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "जा रे बाबा. पुरे झालं." ओली पावलं वाजली. एक, आणखी एक, दाराच्या दिशेनं. मला हुंदका फुटला. सुटलो, मी म्हटलं. सुटला माझा बाळ. मी वळणारच होते.

"प्रिया, वळू नको!" कमलेश ओरडला.

पावलं थांबली होती. मग ताडपत्रीपाशी दुसरीच पावलं वाजली. जड बुटांची. मला त्या पावलांची चाल ठाऊक होती. शाळेतून येताना उंबऱ्यावर उजवा पाय घासायची सवय, कितीदा ओरडले असेन त्यावरून.

"आई," भाग्येश म्हणाला. "आणि हा कोणाचा?"

माझ्या मुलाचा आवाज. आजीची बोली नाही, कॉलनीतली, माझ्याकडून शिकलेली भाषा. थकलेला होता. लहानपणी तापात पाणी मागायचा तसा.

"भाग्येश?" कमलेशचा आवाज फाटला.

"नाव घे ना, आई. खूप गरम होतंय इथे. पाळी संपतच नाही."

मी विचार केला नाही असं कुणी म्हणेल. मी केला. चार नावं दिली होती, पाचवं दिलं होतं. सहावं एकच उरलं होतं आणि ते घेतलं तर तो तिथेच राहणार. गप्प राहिले तर तो विचारतच राहणार. माझ्या चेहऱ्याशेजारी, भिंतीवर, एक हात टेकला. पाळी करून आलेला माणूस भिंतीला हात लावून उभा राहतो तसा. मनगटापर्यंत काळा, ठिबकणारा, बाहीचं टोक पांढरं. भाग्येशच्या अंगठ्यावर सुरीचा जुना व्रण आहे. या अंगठ्यावर तो नव्हता. होता की नव्हता, तेल इतकं होतं की मला नीट दिसलं नाही.

"माझा," मी म्हटलं.

"कोनाचा?" कानाशी. आता परत तो बसलेला घसा.

"माझा. प्रियदर्शिनीचा. मी घेते पाळी. पोराला वर पाठव."

हात भिंतीवरून निघाला. चुन्यावर काळ्या पंज्याचा ठसा राहिला. कोपऱ्यात सासूबाईंनी "अगं बाय माझे" म्हणून ऊर बडवला.

आणि कमलेशच्या खिशात फोन वाजायला लागला.

तो उचलेना. मी भिंतीकडे बघतच ओरडले, "उचल ना! स्पीकरवर टाक!"

"पप्पा?" आजूबाजूला गलका, वारा, माणसांचं हसणं. "पप्पा, बंदरात लागलो आम्ही! आत्ताच फोन मिळाले. आई कुठाय?"

"इथंच हाय," कमलेश म्हणाला. तो रडत होता. "बोल, बाळा. ऐकतेय ती."

"आई! अगं, काल खाली चक्कर येऊन पडलो होतो मी, काय गरम होतं! आत्ता मात्र एकदम बरं वाटतंय. आणि तो आपल्याकडचा होता ना, तो गेला. म्हणाला, बदली मिळाली."

"बरं झालं," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "जेवलास का रे?"

"जेवणारच आहे. काय केलंयस आज तू?"

माझ्या मागे ताडपत्री चुरचुरली. कुणीतरी वाटा उचलून माझ्यासाठी धरून उभं होतं आणि त्याच्या अंगाची उष्णता माझ्या पाठीला लागत होती. कमलेश भिंतीला चिकटून बसला असावा. या वेळी तो मला वळू नको म्हणाला नाही.

"मासळीच आहे," मी म्हटलं. "कमलेश, फोन बंद करू नको. त्याला बोलत राहू दे."

भाग्येश सुट्टीचं सांगायला लागला, कधी येणार, काय काय खाणार. मी ते ऐकत ऐकत वळले.